शस्त्रक्रिया थांबते ती वीस मिनिटे

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला आतले काहीच दिसत नाही. दार उघडते, हिरव्या कपड्यातला एक मदतनीस झाकलेले भांडे घेऊन लगबगीने बाहेर पडतो आणि जिन्याकडे वळतो, एवढेच त्याला दिसते. त्या भांड्यात काय आहे हे कोणी सांगत नाही. त्यानंतर बराच वेळ काही घडत नाही आणि मनात नको नको ते विचार येऊ लागतात.

अशाच एका बाकावरून उठून एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठले होते. त्यांच्या एकाहत्तर वर्षांच्या आईवर शस्त्रक्रिया चालू होती. “डॉक्टर, मधेच काहीतरी बाहेर नेले आणि आता म्हणे आत सगळे थांबले आहेत. काही बिघडले का?” मी त्या वेळी घाईत होतो, कारण त्या भांड्यातली गाठ माझीच वाट पाहत होती. “काही बिघडलेले नाही. हे थांबणे उपचाराचाच भाग आहे,” एवढेच सांगून मी प्रयोगशाळेकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते. आज ते पूर्ण करतो.

या आजींना मधुमेह होता, रक्तदाब होता. चार महिन्यांपासून पोट फुगत होते. घरच्यांनी ते गॅस आणि अपचनावर घातले. जेवण दोन घासांवर आल्यावर सोनोग्राफी झाली, तेव्हा डाव्या अंडाशयात नारळाएवढी घट्ट गाठ, पोटात पाणी आणि छातीच्या उजव्या बाजूलाही थोडे पाणी आढळले. रक्तातील सीए-१२५ हा घटक चारशेच्या वर होता. वय, गाठ, पाणी आणि हा आकडा एकत्र पाहिल्यावर घरात सर्वांनी मनोमन एकच निदान पक्के केले. एका नातलगाने तर ‘आता या वयात चिरफाड कशाला’ असा सल्लाही दिला. आजींपुढे मात्र तो शब्द कोणी उच्चारत नव्हते.

आधीच तुकडा का काढत नाहीत?

स्तनात किंवा मानेत गाठ असली तर सुई घालून पेशी काढतात आणि शस्त्रक्रियेपूर्वीच निदान होते. मग अंडाशयाच्या गाठीत सुई का घालत नाहीत, असा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. अंडाशयाच्या पुष्कळ गाठी द्रवाने भरलेल्या पिशवीसारख्या असतात आणि त्या उदरपोकळीत मोकळ्या लोंबत असतात. गाठ कर्करोगाची असेल आणि अंडाशयापुरतीच मर्यादित असेल, तर सुईच्या छिद्रातून द्रव पोटात सांडणे म्हणजे आवरणाच्या आत राहिलेला रोग स्वतःच्या हाताने बाहेर काढणे होय. अशी गाठ शस्त्रक्रियेत फुटली तरी रोगाचा टप्पा पहिल्यातल्या ‘अ’ वरून ‘क’ वर जातो आणि पुढच्या औषधोपचारांचा हिशेब बदलू शकतो. म्हणून रोग अंडाशयापुरता असण्याची शक्यता असेल तेव्हा गाठ अखंड बाहेर काढणे हाच राजमार्ग. रोग पोटभर पसरल्याचे आधीच स्पष्ट असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे पोटातले पाणी किंवा पसरलेल्या भागाचा तुकडा तपासून निदान करतात आणि अनेकदा केमोथेरपी आधी देतात.

राहिला तो सीए-१२५ चा आकडा. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ३५ युनिटपर्यंतची पातळी सर्वसाधारण मानतात. तो वाढला की घाबरून जाणे स्वाभाविक आहे. पण उदरपोकळीच्या अस्तराला कशानेही त्रास झाला तरी हा घटक वाढू शकतो. पोटाचा क्षय, गर्भाशयाच्या गाठी, एंडोमेट्रिओसिस, यकृताचा आजार अशी अनेक कारणे आहेत. आपल्या देशात पोटाच्या क्षयाने कर्करोगाचे हुबेहूब सोंग घेतल्याचे प्रसंग डॉक्टरांना नवे नाहीत. उलट, कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात हा आकडा साधारणही राहू शकतो. वय, सोनोग्राफी आणि हा आकडा यांचा मेळ घालून धोक्याचा अंदाज बांधता येतो, तो उपयोगीही असतो. परंतु अंदाज म्हणजे निदान नव्हे. निदान पेशी पाहूनच होते, आणि अंडाशयाच्या बाबतीत ही संधी बहुतेक वेळा पोट उघडल्यावरच मिळते.

जुनीच युक्ती

रुग्ण टेबलावर असतानाच निदान सांगण्याची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लुई विल्सन या विकृतितज्ज्ञाने १९०५ च्या जानेवारीत, मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत, ऊतीचे तुकडे खिडकीबाहेर ठेवून गोठवले, त्यांचे पातळ काप केले आणि मेथिलिन ब्लू या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आज ज्याला आपण ‘फ्रोझन सेक्शन’ म्हणतो, ती पद्धत तेव्हापासून शस्त्रक्रियागृहाच्या नित्य कामात रुळू लागली.

दुसरी वाट लंडनमधून निघाली. सेंट थॉमस हॉस्पिटलमधील लेनर्ड डडजन आणि व्हिन्सेंट पॅट्रिक यांनी १९२७ साली २०० रुग्णांच्या तपासण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची रीत अगदी साधी होती. गाठ कापायची, ताज्या कापावरून सुरीचे पाते अलगद फिरवायचे, पात्यावर आलेला ओलसर थर काचपट्टीवर पसरायचा, तो वाळण्याआधीच स्थिर करून रंगवायचा. यात गोठवणे नाही आणि यंत्रही लागत नाही. शस्त्रक्रियेदरम्यानच्या पेशीतपासणीचा हा पाया आजही तोच आहे.

वीस मिनिटांत काय घडते?

गाठ प्रयोगशाळेत आली की पहिले काम डोळ्यांचे आणि बोटांचे. आवरण अखंड आहे की फुटलेले, बाहेरून काही उगवले आहे का, हे आधी पाहतात. मग गाठ कापतात. आत स्वच्छ पाणी आहे, शेंबडासारखा चिकट द्रव आहे, की केस आणि चरबी आहे? भिंत गुळगुळीत आहे, की फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे कोंब आहेत? कुठे भुसभुशीत, कुठे रक्तस्राव झालेला, कुठे मृत झालेला भाग आहे? अनुभवी डोळा इथेच निम्मे उत्तर मिळवतो आणि नेमक्या कोणत्या जागेच्या पेशी घ्यायच्या ते ठरवतो.

त्यानंतर पेशी उचलण्याच्या तीन रीती. पहिली ठशाची: ताज्या कापावर काचपट्टी हलकेच टेकवायची आणि सरळ उचलायची, ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटावा तसा. मऊ गाठीच्या पेशी अशा सहज येतात. दुसरी खरवडण्याची: गाठ घट्ट असेल तर ठशात पेशी उमटत नाहीत, तेव्हा पात्याने खरवडावे लागते. तिसरी दाबण्याची: कणभर तुकडा दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरायचा. काही काचपट्ट्या तत्क्षणी अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही हवेवर वाळवतात. दोन्हींचे रंग वेगळे आणि दिसणारे तपशीलही वेगळे. टोल्युइडीन ब्लूसारखा रंग तर मिनिटभरात चढतो.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक प्रकारच्या गाठीचा चेहरा निराळा असतो. सौम्य गाठीत पेशी एकसारख्या, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे नीट मांडलेल्या दिसतात. सिरस प्रकारच्या कर्करोगात पेशींचे गचाळ घोळके दिसतात, केंद्रके मोठी आणि वेडीवाकडी असतात, आणि कधी चुन्याचे गोल, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे कण आढळतात. ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीत केंद्रकावर कॉफीच्या बीसारखी उभी खाच असते. डर्मॉइड गाठीत त्वचेच्या निर्जीव पेशी आणि केसांचे अवशेष दिसतात. अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या तर विचारचक्र वेगळ्या दिशेने फिरते: हा रोग मुळात अंडाशयाचा नसून जठरातून किंवा पोटातल्या अन्य अवयवातून तिथे आला असावा. असा निरोप मिळताच शल्यविशारद जठर आणि आतडी पुन्हा निरखून पाहतात. त्या एका निरोपाने शस्त्रक्रियेची दिशा बदलते.

फ्रोझन सेक्शनसाठी क्रायोस्टॅट नावाचे यंत्र लागते. त्यात उणे २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला ऊती गोठवून मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप घेतात. यात पेशींबरोबर त्यांची मूळ रचना, म्हणजे कोणाच्या शेजारी कोण आणि कोण कोणाच्या हद्दीत घुसले आहे, हेही दिसते. पेशीतपासणीत एकेक माणूस स्पष्ट ओळखू येतो, पण गावाचा नकाशा दिसत नाही. फ्रोझन सेक्शनमध्ये नकाशा दिसतो, पण गोठवण्यामुळे चेहरे थोडे धूसर होतात. म्हणून जिथे दोन्ही सोयी आहेत तिथे दोन्ही एकत्र वापरणे उत्तम. क्रायोस्टॅट महाग आहे आणि ते चालवायला कसलेला तंत्रज्ञ लागतो. काचपट्टी, अल्कोहोल, रंग, सूक्ष्मदर्शक आणि जाणता विकृतितज्ज्ञ एवढ्या सामग्रीवर पेशीतपासणी मात्र लहान शहरातल्या रुग्णालयातही होऊ शकते.

यासाठी एक पथ्य फार महत्त्वाचे. गाठ ताजीच पोहोचली पाहिजे. सवयीने ती फॉर्मॅलिनमध्ये टाकली गेली की ठसे घेण्याची संधी गेलीच. म्हणून अशी तपासणी आदल्या दिवशीच ठरवून विकृतितज्ज्ञाला कळवून ठेवावी लागते. ऐनवेळी धावाधाव करून ती नीट होत नाही.

किती भरवसा ठेवावा?

२०१६ साली कॉक्रेन या संस्थेने अंडाशयाच्या गाठींवरील फ्रोझन सेक्शनचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ३८ अभ्यासांतील ११ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. त्याचे सार असे मांडता येईल: संशयास्पद गाठ असलेल्या १००० स्त्रियांपैकी २९० जणींना खरोखर कर्करोग असेल, तर या तपासणीत २६१ जणींचा कर्करोग टेबलावरच ओळखला जाईल आणि २९ जणींचा निसटेल. उरलेल्या ७१० जणींपैकी सुमारे चौघींना कर्करोग नसताना तो असल्याचे सांगितले जाईल. म्हणजे ‘कर्करोग आहे’ हे उत्तर फार क्वचित खोटे ठरते. ‘नाही’ हे उत्तर मात्र थोडे सबुरीने घ्यावे लागते.

ही सबुरी का, तेही समजून घ्यावे. अंडाशयाच्या काही गाठी धड सौम्य नसतात आणि धड कर्करोगही नसतात. त्यांना ‘सीमारेषेवरील’ गाठी म्हणतात. पेशी थोड्या बिघडलेल्या, पण आसपासच्या ऊतीत न घुसलेल्या. घुसल्या की नाही हे सुट्या पेशींवरून कळूच शकत नाही, म्हणून इथे पेशीतपासणी तोकडी पडते आणि फ्रोझन सेक्शनही अडखळते. दुसरी अडचण आकाराची. चिकट द्रवाच्या म्युसिनस गाठी कलिंगडाएवढ्याही होतात, आणि एकाच गाठीत एका कोपऱ्यात सौम्य, दुसऱ्यात सीमारेषेवरील व तिसऱ्यात कर्करोगाचा भाग असू शकतो. वीस मिनिटांत आपण दोन-चार जागा पाहतो. अशा वेळी प्रामाणिक विकृतितज्ज्ञ ‘अंतिम अहवालापर्यंत थांबावे’ असे कळवतो. नातेवाइकांना ते टाळाटाळीसारखे वाटते, परंतु चुकीच्या खात्रीपेक्षा ते उत्तर रुग्णाच्या अधिक हिताचे असते.

उत्तराने काय बदलते?

गाठ कर्करोगाची ठरली आणि रुग्णाची प्रकृती झेपण्यासारखी असली, तर सहसा गर्भाशय, दोन्ही अंडाशय व बीजवाहिन्या, आतड्यांवर पसरलेली ओमेंटम ही चरबीची झालर, गरजेप्रमाणे लसिकाग्रंथी आणि पोटाच्या अस्तराचे नमुने असे सर्व काढावे लागते. भूल लांबते, रक्त जास्त लागते, बरे व्हायला अधिक दिवस लागतात. गाठ सौम्य असेल तर हे सर्व टळते. तरुण स्त्रीच्या बाबतीत प्रश्न मातृत्वाचा असतो. वृद्ध स्त्रीच्या बाबतीत हृदय, मूत्रपिंड आणि फुप्फुसे किती ओझे पेलतील याचा असतो. निदान न करता सरसकट मोठी शस्त्रक्रिया करणे जसे अन्यायाचे, तसे वयाकडे पाहून लहान शस्त्रक्रियेत भागवणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा पोट उघडणे हेही अन्यायाचेच.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शल्यविशारदांना काही प्रश्न शांतपणे विचारावेत. शस्त्रक्रिया चालू असताना गाठ तपासण्याची सोय इथे आहे का, आणि कोणत्या पद्धतीची? विकृतितज्ज्ञ त्या वेळी हजर असतील का? गाठ सौम्य निघाली तर काय काढणार, कर्करोगाची निघाली तर काय, आणि संशय राहिला तर काय? दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता कितपत? या तिन्ही वाटांची संमती आधीच घेतलेली असली की बाहेर बसलेल्या मुलाला ऐनवेळी कागदावर सही करण्यासाठी बोलावले जात नाही. निर्णय ज्या बाईच्या देहाचा आहे, तिनेच तो शुद्धीत असताना घेतलेला असतो.

ही शेवटची गोष्ट मला त्या आजींनीच शिकवली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सगळे बाहेर गेल्यावर त्या शल्यविशारदांना म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, मी चार मुले वाढवली, नवरा गेल्यावर शेत सांभाळले. जे असेल ते मला सांगा, मुलांच्या कानात नको. आणि जेवढे लागेल तेवढेच काढा.” घरातल्यांनी दोन आठवडे जिवापाड जपलेले गुपित त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ते गुपित सांभाळताना घरच्यांनी त्यांना एकटे पाडले होते.

त्या दिवशी प्रयोगशाळेत आलेली गाठ पांढरीशुभ्र, रबरासारखी घट्ट होती; कापल्यावर आत लाकडातल्या वलयांसारख्या रेषा होत्या. पहिल्या ठशात पेशी जवळजवळ आल्याच नाहीत. पाते फिरवून खरवडले तेव्हा चातीच्या आकाराच्या, शांत, एकसारख्या पेशी मिळाल्या. घातकपणाची एकही खूण नव्हती, पोटातल्या पाण्यातही कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. मी शस्त्रक्रियागृहात निरोप दिला: सौम्य, तंतुमय गाठ असावी, अंतिम अहवाल मागाहून. शल्यविशारदांनी उदरपोकळी नीट तपासली, दोन्ही अंडाशय आणि ओमेंटमचा एक छोटा नमुना काढला आणि पोट बंद केले.

आठवड्याने मेणात बसवलेल्या कापांवरून अंतिम अहवाल आला: फायब्रोमा. ही सौम्य गाठ कधी कधी पोटात आणि छातीत पाणी साठवते, सीए-१२५ वाढवते आणि पसरलेल्या कर्करोगाचा हुबेहूब भास निर्माण करते. १९३७ साली जो व्हिन्सेंट मेग्ज आणि जॉन कॅस यांनी अशा सात रुग्णांचे वर्णन केले, म्हणून तिला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. गाठ काढली की पाणी आपोआप ओसरते. आजींचेही ओसरले. ‘या वयात चिरफाड कशाला’ हा सल्ला ऐकला असता, तर बरा होणारा आजार असाध्य समजून त्या अंथरुणाला खिळल्या असत्या.

प्रत्येक कहाणीचा शेवट असा होत नाही, हे मी लपवणार नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या अंडाशयाच्या गाठीत कर्करोगाची शक्यता तरुणपणापेक्षा जास्त असते, आणि अनेक वेळा माझा निरोप ‘कर्करोग आहे’ असाच असतो. तेव्हाही तो वेळेवर गेल्यामुळे एकाच भुलीत योग्य ती शस्त्रक्रिया पार पडते. घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचे पोट दोन-तीन आठवडे सतत फुगत असेल, थोडे खाल्ल्यावर पोट भरत असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर ओवा आणि सोड्यावर भागवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. शस्त्रक्रिया झाली तर विकृतितज्ज्ञाचा अंतिम अहवाल मागून घ्या, त्याची प्रत जपून ठेवा. काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जतन केलेले असतात, गरज पडल्यास ते दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी मिळू शकतात.

आणि कधी त्या बाकावर बसण्याची वेळ आली, भांडे घेऊन मदतनीस जिन्याकडे धावताना दिसला, तर घाबरू नका. आत शल्यविशारद हात थांबवून उभे आहेत, भूलतज्ज्ञ रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवून आहेत, आणि कुठल्याशा खोलीत कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तुमच्या माणसाच्या पेशी पाहत आहे. नेमके जेवढे लागेल तेवढेच काढता यावे, यासाठी ती वीस मिनिटे थांबलेली असतात.